गोळीने झोप लागली म्हणजे गोळी लागू पडली असे नाही

गेल्या पावसाळ्यात एक टेम्पोचालक माझ्याकडे आले. वय चाळिशीच्या आसपास. कॉटन ग्रीनच्या गोदामांतून माल भरायचा, शिवडीहून अटल सेतूवर गाडी घालायची आणि पलीकडे नवी मुंबईत उतरवायचा, हे त्यांचे रोजचे काम. कोपराला खरचटले होते. सकाळी आठ वाजता गाडी मागे घेताना गोदामाच्या फाटकाच्या खांबाला ठोकली होती. मागे हमाल उभा असता तर काय झाले असते, हे त्यांनीच मला सांगितले.

"रात्री झोप झाली नव्हती का?" मी विचारले.

"उलट डॉक्टर, मस्त झोपलो होतो. सर्दीची गोळी घेतली होती ना, त्या गोळीनं झोप फार छान लागते. सकाळी झोप नव्हती हो डोळ्यांवर. नुसता अंदाज चुकला."

त्यांनी खिशातून अर्धी कापलेली पट्टी काढली. पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन मॅलिएट. मेडिकलवर "सर्दीचं काहीतरी द्या" म्हटले की बहुधा हेच मिळते. आज लिहायचे आहे ते यातल्या तिसऱ्या नावाबद्दल आणि त्याच्या भावंडांबद्दल, म्हणजे झोप आणणाऱ्या अँटीहिस्टामिन औषधांबद्दल. क्लोरफेनिरामिन, ज्याला आम्ही डॉक्टर आणि केमिस्ट सीपीएम म्हणतो. फेनिरामिन, जे तुम्ही एव्हिल म्हणून ओळखता. प्रोमेथाझिन म्हणजे फेनरगन. हायड्रॉक्सिझिन म्हणजे अटारॅक्स. आणि खोकल्याच्या कितीतरी औषधांत असणारे डायफेनहायड्रामिन. ही औषधे वाईट नाहीत. पण ती ज्यांना सगळ्यात जपून द्यायला हवीत, त्यांनाच आपण सगळ्यात सहज देतो, असे माझे मत आहे. वाहन चालवणारे, साठी ओलांडलेले आणि तान्ही मुले.

आधी हे औषध करते काय, ते पाहू.

आपल्या त्वचेत, नाकात, श्वासनलिकेत काही पेशी हिस्टामिन नावाचे रसायन साठवून बसलेल्या असतात. धान्याची धूळ, मसाल्याची पूड, घरातली धूळ, बुरशी, एखादे औषध किंवा कोळंबी, ज्याला जे सोसत नाही ते शरीरात गेले की या पेशी हिस्टामिन सोडतात. ते रक्तवाहिन्यांवरच्या आणि मज्जातंतूंवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसते. मग शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, अंगावर गांधी. अँटीहिस्टामिन औषध या जागा आधीच अडवते. लोकलमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसेच. रुमाल पडला की हिस्टामिनला उभेच राहावे लागते.

इथवर ठीक. पण हिस्टामिन फक्त नाका-कातडीत नसते. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, काही पेशींचा पुंजका आहे. तो दिवसभर मेंदूभर हिस्टामिन पुरवतो आणि त्यावर आपण जागे, सावध राहतो. १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे आणि त्यांच्या सहकारी ॲन-मरी स्टाऊब यांनी पहिले अँटीहिस्टामिन शोधले (बोव्हे यांना १९५७ चे नोबेल मिळाले). तेव्हापासून पुढच्या काही दशकांत आलेली बहुतेक औषधे लहान आणि तेलात विरघळणाऱ्या रेणूंची होती. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा आहे, तो ती आरामात पार करतात. म्हणजे नाकात टाकायचा रुमाल मेंदूतही पडतो.

जपानमधल्या संशोधकांनी माणसांच्या मेंदूच्या चित्रणातून हे मोजले आहे. जुनी औषधे घेतल्यावर मेंदूतल्या हिस्टामिनच्या साधारण निम्म्या किंवा त्याहूनही जास्त जागा अडलेल्या दिसतात. फेक्सोफेनाडिनसारख्या नव्या औषधाने जवळजवळ एकही अडत नाही, कारण ते पडद्यापाशी पोचले तरी तिथला पंप त्याला बाहेर फेकतो. सेटिरिझिन मधले आहे. जुन्यांपेक्षा पुष्कळ कमी, पण काहींना त्यानेही पेंग येते. लोराटाडिन, बिलास्टिन ही त्या मानाने शांत.

तेव्हा गोळी घेतल्यावर येणारी झापड हा सर्दी बरी होण्याचा भाग नाही. औषध नको तिथे गेल्याची ती खूण आहे. "झोप आली म्हणजे औषध जोरदार आहे" हे वाक्य मी वीस वर्षे ऐकतो आहे, आणि खरे सांगायचे तर आम्ही डॉक्टरांनीच ते रुजू दिले. पेशंट झोपला, तक्रार थांबली, सगळेच खूश.

आता टेम्पोचालकांच्या "झोप नव्हती, अंदाज चुकला" या वाक्याकडे येऊ, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एक प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. ॲलर्जीची सर्दी असलेल्या ४० माणसांना गाडी चालवण्याच्या यंत्रावर बसवले. खरी गाडी नाही, पण रस्ता, वळणे, समोर अचानक आडवे येणारे वाहन, सगळे खऱ्यासारखे. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन, दारू किंवा नुसती खोटी गोळी दिली. दारू इतकी की रक्तातले प्रमाण दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या घरात जावे. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे तिच्या तिपटीहून जास्त. निकाल असा की डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचे गाडी चालवणे दारू घेतलेल्यांपेक्षाही वाईट होते. फेक्सोफेनाडिनवाले खोटी गोळी घेतलेल्यांइतकेच चांगले.

पण त्या प्रयोगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. "तुम्हाला किती झोप येते आहे?" असे त्या लोकांना विचारले होते, आणि त्यांचे उत्तर व त्यांचे प्रत्यक्ष चालवणे यांचा मेळ फारसा बसला नाही. ज्याला झोप वाटत नव्हती, तोही चुकत होता. म्हणजे "मला नाही येत हो झोप, मला सवय आहे" हे आश्वासन कुणालाही देऊ नका, स्वतःलासुद्धा. झापड कळते. प्रतिक्रियेला लागणारा वाढीव अर्धा क्षण कळत नाही.

आणि "रात्रीच तर घेतली होती" हे म्हणणेही पुरेसे नाही. क्लोरफेनिरामिनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला मोठ्या माणसात सरासरी वीस तासांच्या आसपास लागतात, कुणाला त्याहून बरेच जास्त. रात्री दहाला घेतलेल्या गोळीचा निम्म्याहून मोठा वाटा सकाळी आठला तुमच्याबरोबर स्टिअरिंगवर बसलेला असतो. सलग तीन दिवस दिवसातून तीनदा घेतली असेल तर हिशेब तुम्हीच करा. संध्याकाळी त्यात क्वार्टरची भर पडली, किंवा झोपेची, आकडीची, मानसिक आजाराची एखादी गोळी चालू असली, तर दोन्हींची गुंगी एकमेकींवर चढते.

कॉटन ग्रीन, काळाचौकी, शिवडी या पट्ट्यात मी हे का लिहितो आहे, ते तुमच्या लक्षात आले असेल. या भागात धुळीची ॲलर्जी घरोघरी आहे, आणि काम मात्र असे की क्षणभराची चूक महागात पडते. ट्रक मागे घेणारे, पाठीवर पोते घेऊन फळीवरून चढणारे माथाडी, क्रेनवाले, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, पहाटेची हार्बर पकडायला रूळ ओलांडणारे (तेवढे मात्र कृपा करून करू नका, पूल वापरा). ऑफिसात बसून काम करणाऱ्याला पेंग आली तर फार तर साहेब ओरडेल.

"पण डॉक्टर, सर्दीला दुसरं काय घ्यायचं?"

साध्या विषाणूच्या सर्दीला खरे तर यातले काहीच नको. ती सर्दी मुख्यतः हिस्टामिनमुळे होत नाही. अनेक चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली हा प्रश्न तपासला, तेव्हा मोठ्यांमध्ये पहिल्या एक-दोन दिवसांत किंचित बरे वाटण्यापलीकडे या गोळ्यांचा फायदा दिसला नाही. नाक कोरडे पडते ते या जुन्या औषधांच्या दुसऱ्याच एका गुणामुळे. शरीरातले स्राव आटवणारा गुण. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब, वाफ घ्यायचीच तर लहान मुलांना उकळत्या पाण्यापासून लांब ठेवून, आणि चार-सहा दिवस धीर. शिंकांची माळ, खाज, दर वर्षी त्याच दिवसांत किंवा त्याच गोदामात गेल्यावर होणारा त्रास, ही मात्र ॲलर्जी. तिला अँटीहिस्टामिन लागू पडते, पण झोप न आणणारे. ॲलर्जीने नाक सतत चोंदत असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा गोळीपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. स्टिरॉइड शब्दाला घाबरू नका, डॉक्टरांकडून फवारण्याची पद्धत मात्र शिकून घ्या.

अंगावर पित्त उठते तेव्हाही हेच. इथे एक गंमत सांगतो. आपल्या भाषेत घशाशी येणारे आंबटही पित्त आणि अंगावर उठणाऱ्या गांधीही पित्त. त्यामुळे गांधी उठल्या की लोक ॲसिडिटीची गोळी घेऊन, कोकम पिऊन, वर एव्हिल घेऊन येतात. अंगावरच्या पित्ताचा पोटातल्या आम्लाशी संबंध नाही. त्याला झोप न आणणारे अँटीहिस्टामिन हाच पहिला उपचार आहे, गरज पडली तर डॉक्टर डोस वाढवतात. पूर्वी ही नवी औषधे महाग होती, तेव्हा सीपीएम देणे समजण्यासारखे होते. आज सेटिरिझिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. स्वस्त म्हणून जुनेच देत राहण्याला आता सबब नाही.

स्राव आटवण्याच्या ज्या गुणाचा उल्लेख केला, तो म्हाताऱ्या माणसांना भोवतो. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ एवढ्यावर भागले तर नशीब. ज्या आजोबांची प्रोस्टेट वाढलेली आहे, त्यांची लघवी सर्दीच्या दोन गोळ्यांनी पूर्ण तुंबू शकते. मग रात्री दोन वाजता टॅक्सी शोधत केईएम गाठायचे आणि नळी घालून घ्यायची. ज्यांना काचबिंदूच्या एका प्रकाराचा धोका आहे, त्यांच्या डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो. आजी रात्री उठून "आई आली आहे का" असे विचारू लागते, भिंतीवर माणसे दिसतात, आणि घरचे समजतात की म्हातारपणाने चळ लागला. अशा वेळी मी आधी औषधांची पिशवी मागतो. बाथरूमला जाताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडणे हे तर वेगळेच प्रकरण. वृद्धांनी टाळायच्या औषधांची अमेरिकन वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची यादी बीअर्स या नावाने ओळखली जाते, तिच्यात ही जुनी अँटीहिस्टामिन आहेत. झोपेसाठी तर ती देऊच नयेत. काही दिवसांत मेंदूला सवय होते, झोपेचा परिणाम ओसरतो. तोंड कोरडे पडणे, लघवी अडणे हे त्रास मात्र राहतात.

आता लहान मुले. इथे मला थोडे कडक बोलायचे आहे.

सर्दी झालेल्या बाळाला "एक चमचा दिलं की शांत झोपतं" म्हणून औषध देणे आपल्याकडे फार रूढ आहे. आई दिवसभर कामावर, रात्री दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, भिंतीपलीकडे शेजारी. बाळ रडू नये असे तिला वाटते, यात तिचा दोष काय? मी तिला दोष देत नाही. पण झोपवण्यासाठी हे औषध देऊ नका. तान्ह्या मुलाचा श्वास त्याने मंदावू शकतो. प्रोमेथाझिनबाबत तर दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेत २००४ पासून आहे. काही मुलांवर परिणाम उलटाच होतो. झोपण्याऐवजी ती रात्रभर चिडचिडी, सैरभैर होतात, आणि घरचे आणखी अर्धा चमचा देतात.

आपल्या देशातही नियम झाला आहे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, ही सूचना बाटलीवर छापा, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये ते राजपत्रात आले. आणि त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात सर्दी-खोकल्याचे औषध घेतलेली मुले दगावू लागली. कितीतरी मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. वीसहून अधिक गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. त्या कोल्ड्रिफ नावाच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले, तपासणीत ४८.६ टक्के. मूत्रपिंडे निकामी झाली ती त्या विषाने, क्लोरफेनिरामिनने नव्हे. हे स्पष्ट सांगायला हवे. हेच विष मुंबईने १९८६ साली पाहिले आहे. आपल्या जवळच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. कारखान्यातली भेसळ तुम्ही-आम्ही चव घेऊन ओळखू शकत नाही, ती सरकारने पकडायची असते.

पण कोल्ड्रिफमध्ये औषध म्हणून जे होते, त्यात क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन होतेच. शुद्ध असते तरी चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचे नाही, असे राजपत्र निघून सहा महिनेही झाले नव्हते. तरीही ते लिहिले गेले, विकले गेले. विषाची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. "या वयात हे औषध मुळात दिलेच का?" हा प्रश्न मात्र आम्हा डॉक्टरांना पुरेशा जोरात कुणी विचारला नाही. मी तो स्वतःला विचारला आणि माझ्या जुन्या चिठ्ठ्या आठवून मान खाली घातली.

मग ही औषधे ठेवायची कशाला? जागा आहेत त्यांना. घाटात उलट्या होणाऱ्या मोठ्या माणसाला प्रवासाआधी प्रोमेथाझिन उपयोगी पडते (गाडी दुसरा कुणी चालवत असेल तर). खाजेने रात्र रात्र जागणाऱ्याला डॉक्टर थोडे दिवस हायड्रॉक्सिझिन देतात, तिथे झोप हवीच असते. गरोदरपणात क्लोरफेनिरामिन जुने आणि माहितीतले म्हणून कधी निवडले जाते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे.

एका ठिकाणी मात्र एव्हिलवर विसंबून जीव जातो. मधमाशी चावल्यावर, इंजेक्शननंतर किंवा काही खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगभर गांधी, त्याबरोबर ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप, चक्कर, उलट्या असे काही सुरू झाले, तर ती नुसती ॲलर्जी नाही. तिथे पहिले औषध मांडीत द्यायचे ॲड्रेनॅलिन. एव्हिल नंतर. गोळी घेऊन "बघू उतरतंय का" म्हणत घरी थांबू नका, जवळच्या रुग्णालयात जा. माणूस चक्करला असेल तर आडवा करून न्या.

मेडिकलवर जाल तेव्हा औषधाचे ब्रँडनाव सोडा, खाली बारीक अक्षरांत लिहिलेली नावे वाचा. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन. ही पाच ओळखता आली तरी पुरे. सर्दीची गोळी आणि खोकल्याचे औषध वेगवेगळ्या नावांनी घेतले तर तेच औषध दोनदा पोटात जाते, तेही पाहा. अँटीहिस्टामिन औषधे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे आहे, असा इशारा त्यांच्यावर छापणे १९४५ च्या औषध नियमांनुसार बंधनकारक आहे. पट्टी कापून चार गोळ्या दिल्या की इशारा केमिस्टकडेच राहतो. केमिस्टमित्रांना माझे सांगणे आहे की "गाडी चालवता का?" एवढा एक प्रश्न विचारा. चार सेकंद लागतात. आणि डॉक्टरमित्रांनो, आपणही चिठ्ठीवर मराठीत तसे लिहू या.

त्या टेम्पोचालकांची सर्दी विषाणूची नव्हती. गोदामात शिरले की शिंका, रविवारी घरी आराम, असा इतिहास निघाला. त्यांना काम करताना मास्क लावायला सांगितला, नाकाचा फवारा दिला आणि फेक्सोफेनाडिन सुरू केले. आठवड्याने आले ते तक्रार घेऊनच. गोळीचा काही उपयोग नाही म्हणाले. खोदून विचारले तेव्हा कळले की घशाखाली नीट उतरावी म्हणून रोज सकाळी नाक्यावरच्या मोसंबीच्या रसाबरोबर घेत होते. फळांच्या रसाने हे औषध शरीरात कमी शोषले जाते. साध्या पाण्याबरोबर घ्या, म्हणून सांगितले.